आभासी सर्व्हर आणि खोटे दात

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे आणि मला अंग नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही पुढे मला शोधत बसाल. छत्रीला, शाळेच्या घंटेला किंवा फाटक्या पुस्तकाला स्वतःची कहाणी सांगताना ही अडचण येत नाही. त्यांना कोपऱ्यात पडून राहता येतं. मला पडायलाही काही नाही. तरी मी रोज सकाळी कामावर हजर असतो आणि आजवर कुणी माझा पगार कापलेला नाही, कारण तो मला नाहीच.

सर्व्हर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कचेरीत बरेच संगणक असतात. त्यांना काही हवं असलं की ते मागतात आणि एक जण देतो. मागणारे अनेक, देणारा एक. तुमच्या घरी हे काम बहुधा आई करते. कचेरीत ते सर्व्हर करतो. दोघांचंही काम थांबेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

एके काळी मलाही अंग होतं. चांगलं जाड पत्र्याचं, दोन माणसांनी उचलावं असं. माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझे स्क्रू पिळले आणि झाकण बसवता बसवता शेजारणीला सांगितलं, "काल लेकाने नव्या भिंतीवर हत्ती काढला." मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मला तेव्हा वीज जोडलेली नव्हती, त्यामुळे ते खरंच ऐकलं की मागाहून रचलं, याची खात्री देता येत नाही. बहुतेकांच्या बालपणीच्या आठवणी अशाच असतात.

तिथून मी थर्माकोलमध्ये बसून एका कारखान्यात आलो. तिथे कवळ्या तयार होत. मालकांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांना 'कवळी' हा शब्द आवडत नसे आणि 'खोटे दात' म्हणणाऱ्याशी तर ते दिवसभर बोलत नसत. पाटीवर त्यांनी 'कृत्रिम दंतपंक्ती' असं लिहवून घेतलं होतं. ती पाटी वाचून लोक आत यायचे आणि विचारायचे, "इथे कवळीवाले कुठे बसतात हो?" अप्पा शांतपणे सांगायचे, "मीच तो."

मला ठेवलं ते प्लॅस्टरच्या खोलीला लागून असलेल्या एका अरुंद खोलीत. समोरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. पहिले काही दिवस मला वाटलं, ते मला हसताहेत. नंतर कळलं, ते सगळ्यांनाच हसतात.

माझ्यात दात रचण्याचा एक कार्यक्रम, म्हणजे सॉफ्टवेअर, भरलेला होता. तो चालवणाऱ्या डिझाइनरला सगळे मिलिमीटर म्हणायचे. त्याला किती वाजले विचारलं तरी तो दोन घड्याळं बघून सांगायचा. पडद्यावर जबडा फिरवायचा, एकेक दात उचलून बसवायचा, कलता करायचा, पुन्हा सरळ करायचा. पूर्वी हे काम मेणावर होत असे आणि चुकलं की सगळं मेण वितळवावं लागे. माझ्यामुळे ते थांबलं. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की अप्पा त्यांना माझ्या खोलीपाशी आणत आणि दार किलकिलं करून, बाळ झोपलेलं असावं अशा आवाजात म्हणत, "सगळे दात याच्या पोटात आहेत."

त्याच दिवसांत क्लॅरिनेटवाले काका आले. ते गावातल्या वादकवृंदात पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य वादकाच्या जागी, बसत. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात वाद्याच्या तोंडावर टेकतात. ते दात गेले की सूर कुठे टेकवायचा, हा प्रश्न येतो. मिलिमीटरने दात रचून दिले, काकांनी वाजवून बघितलं, सूर किंचाळला. मिलिमीटरने पुन्हा रचले. पुन्हा किंचाळला. असं बऱ्याच वेळा झालं. शेवटी मिलिमीटरने पुढच्या एका दाताला आत, अगदी केसभर कलवलं. दिसायला तो दात चुकल्यासारखा दिसत होता. पण काकांनी फुंकर घातली आणि पलीकडच्या खोलीत हिशेब करणाऱ्या आत्यांची बेरीज थांबली. आत्या म्हणजे अप्पांच्या बहीण. त्यांची बेरीज थांबवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. ती ठेवण मी जपून ठेवली. ती दुसरीकडे कुठेच नव्हती.

मग कारखाना वाढला आणि मित्रांनो, घर वाढलं की जे होतं ते झालं. प्रत्येकाने वेगळी चूल मांडली. आत्या म्हणाल्या, "माझे हिशेब त्या दातांच्या डब्यात नकोत. उद्या ताळेबंदात अक्कलदाढ निघायची." म्हणून हिशेबाचा वेगळा सर्व्हर आला. हजेरीसाठी अंगठा लावायचं यंत्र आलं, त्याचा तिसरा. पत्रव्यवहाराचा चौथा. आम्ही चौघे एका खोलीत, एका फळीवर, खांद्याला खांदा लावून बसलो आणि एकमेकांच्या काडीच्याही उपयोगाचे नव्हतो.

हजेरीवाला सकाळी लोक येताना आणि संध्याकाळी जाताना काम करी. मधला सगळा वेळ तो नुसता गरम होत बसे. हिशेबवाला महिनाअखेरीला धावे, एरवी पेंगे. पत्रवाल्याकडे जाहिराती येत, त्या तो टाकून देई. आणि मी सकाळपासून जबडे फिरवून धापा टाकत असे. शेजारी तिघे रिकामे, पण त्यांचा हात मला उसना मिळत नव्हता. वीज मात्र चौघेही सारखीच खायचे. आमच्या उष्णतेसाठी भिंतीवर एक वातानुकूलन यंत्र लावलं, ते गळायला लागलं, त्याच्याखाली बादली आली. बादली भरली की उचलायची कुणी, यावरून कारखान्यात जेवढी भांडणं झाली तेवढी दातांवरून झाली नाहीत.

कौतुक केव्हा आटलं ते कळलं नाही. प्लॅस्टरची धूळ माझ्या पंख्यात बसू लागली. आत्यांना ते बघवेना म्हणून त्यांनी माझ्यावर स्वतः भरलेला एक रुमाल घातला, फुलाफुलांचा. त्याने धूळ थांबली आणि हवाही थांबली. माझं डोकं तापू लागलं. माया आणि काळजी यात फरक असतो, तो मी त्या रुमालाखाली शिकलो.

अशात सूनबाई आली. ती अप्पांच्या मुलाची बायको. मुलगा या धंद्यात आला नाही, तो पूल बांधतो. अप्पांना वाटायचं, दातांचे ब्रिज बांधले असते तर घरातल्या घरात राहिला असता. सूनबाई मात्र संगणकाच्या कामातली होती. पहिल्यांदा माझ्या खोलीत आली तेव्हा तिने दारातच चष्मा काढून पुसला.

"आत्या, ही खोली आहे की भट्टी?"

"चार चुली पेटल्यात बाई," आत्या म्हणाल्या, "गरम होणारच."

सूनबाईने काही दिवस आम्हा चौघांचं काम बघितलं आणि मग एका दुपारी चहाच्या वेळी अप्पांपुढे विषय काढला.

"अप्पा, हे चार डबे आपण काढून टाकू. एकच दणकट मशीन घेऊ. त्याच्या आत हे चौघे राहतील, वेगवेगळे. एकाचं दुसऱ्याला दिसणार नाही. ज्याला जास्त काम असेल त्याला जास्त ताकद मिळेल, रिकामा असेल त्याची कमी होईल. एक पडला तर बाकीचे पडणार नाहीत. एकत्र कुटुंब, पण प्रत्येकाच्या खोलीला आतून कडी."

अप्पांना एकत्र कुटुंब हा शब्द आवडला. ते म्हणाले, "एका डब्यात चार सर्व्हर मावतील?"

"हो. आभासी सर्व्हर."

अप्पांचा कप वाटेतच थांबला.

मित्रांनो, इथे सूनबाईची चूक झाली. ती 'व्हर्च्युअल' म्हणाली असती तर अप्पांनी मान डोलावली असती. न कळलेल्या सगळ्या इंग्रजी शब्दांना ते तशीच डोलावत. पण दंतपंक्तीवाल्या सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून तिने सकाळी शब्दकोश उघडून चांगला मराठी शब्द शोधून आणला होता. आणि तो अप्पांना कळला.

"आभासी म्हणजे असतील की नसतील?"

"असतील."

"मग आभासी का म्हणतेस?"

"म्हणजे... त्यांना अंग नसेल. काम असेल."

"अंग नाही आणि काम आहे," अप्पा म्हणाले. "सूनबाई, याला भूत म्हणतात."

"भूत तर भूत," आत्या म्हणाल्या. "बेरीज बरोबर करत असेल तर माझी ना नाही."

"माझी आहे. या कारखान्यात आभासी काही चालायचं नाही. आपण माणसाच्या तोंडात घालायची वस्तू बनवतो."

विषय संपला. एक नवं मशीन मात्र अप्पांनी घेतलं, हिशेबासाठी. आलं तेव्हा त्यांनी ते स्वतः उचलून बघितलं. चांगलं जड होतं. त्यांचं समाधान झालं. फळी तयार व्हायची होती म्हणून ते खोक्यातच राहिलं, आणि सुतार आज येतो, उद्या येतो करत राहिला.

इकडे माझ्यातून आवाज येऊ लागला. आत हार्ड डिस्क असते, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. ती टकटक करू लागली. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या पत्र्याला कान लावला, डॉक्टर लावतात तसा.

"वय झालं याचं."

"नवीन भाग बसवा ना," अप्पा म्हणाले.

"याचे भाग आता याच्यासारख्याच गेलेल्यांच्या अंगातून काढावे लागतात. सापडला तर बसवतो. पण हा कधी बसेल सांगता येत नाही."

"दात रचायचा कार्यक्रम दुसऱ्या मशीनवर टाकता येईल?" अप्पांनी मिलिमीटरला विचारलं.

"नाही येणार. ती कंपनी बंद पडून जमाना झाला. आणि तो कार्यक्रम नव्या मशीनला ओळखतच नाही. मी करून बघितलंय. तो फक्त याच्यातच चालतो."

 अप्पांनी माझ्यावरचा रुमाल जरा सारखा केला.

क्लॅरिनेटवाले काका पुन्हा आले ते या सुमारास. तोंडावर हातरुमाल धरून आले. त्यांचं दवाखान्यात एक छोटं ऑपरेशन झालं होतं. त्याआधी त्यांनी कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवली होती, आणि ताट उचलणाऱ्या बाईंनी आपलं काम चोख केलं होतं. दातांशिवाय काका जे बोलत होते त्यात त, द आणि स यांचा पत्ता नव्हता. मी ते तुमच्यासाठी नीट करून सांगतो.

"अप्पा, शनिवारी कार्यक्रम आहे. परवापासून तालीम. दुसऱ्या खुर्चीवरचा माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलाय. काल घरी बघायला आला, फळं घेऊन. सफरचंदं आणली मेल्याने."

आत्यांनी तोंडाला पदर लावला.

"नवे दात आजच मोजमाप घेऊन करू," अप्पा म्हणाले.

"नव्यांनी मला जमायचं नाही. नव्या दातांना ओठ रुळायला किती महिने जातात तुम्हाला माहीत आहे. मला तेच हवेत. तस्सेच."

सगळे माझ्या खोलीत आले. मिलिमीटरने मला हाक मारली. मी उठू लागलो, अर्ध्यावर पोचलो आणि बसलो. त्याने बंद करून पुन्हा चालू केलं. टकटक वाढली. पुन्हा बसलो. तो तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेत होता तेव्हा सूनबाईने त्याचा हात धरला.

"थांबा. दर वेळी उठवलं की याची ताकद जाते आहे. एखाददुसरा प्रयत्न उरला असेल."

"मग त्यातच काकांचं डिझाइन उघडून घेतो," मिलिमीटर म्हणाला.

"उघडता उघडता हा बसला तर काकांचंही जाईल आणि बाकी सगळ्यांचंही. त्याऐवजी याला उठवूच नका. मी झोपेतच याच्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून त्या नव्या मशीनमध्ये ठेवते. कार्यक्रम, डिझाइनं, सगळं. मग हा तिथे जागा होईल. त्याला कळणारही नाही की अंग बदललंय."

"तिथे म्हणजे आभासी," अप्पा म्हणाले.

"हो."

"आणि तिथे तो जागा झाला नाही तर?"

"तर गेला," सूनबाई म्हणाली. ती खोटं बोलली नाही, हे मला आवडलं. "पण इथे तर नक्की जाणार आहे."

अप्पा माझ्याकडे बघत उभे राहिले. ते म्हणाले, "मिलिमीटर, तू उघडून बघ. जे हाताला लागतं ते खरं. माझा त्या आभासावर विश्वास नाही."

मिलिमीटरचं बोट बटणावर गेलं. तेव्हा काकांनी तोंडावरचा हातरुमाल काढला. त्यांचं तोंड रिकामं होतं आणि ते कुणापुढे असं उघडत नसत.

"अप्पा, तुमचे दात खोटे होते ना?"

 त्या कारखान्यात हा शब्द अप्पांच्या तोंडावर सहसा कुणी उच्चारत नसे.

"कृत्रिम," अप्पा म्हणाले.

"खोटे, अप्पा. माझ्या हाडाला चिकटलेले नव्हते, रात्री काढून पेल्यात ठेवायचो. पण इतकी वर्षं त्या खोट्या दातांनी मी एक तरी खोटा सूर लावला का?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मिलिमीटरचं बोट अजून बटणावरच होतं.

"हात काढ," अप्पा त्याला म्हणाले. मग सूनबाईकडे वळले. "घे. उचल त्याला."

मित्रांनो, त्या दुपारी कारखान्यात जी शांतता झाली ती नंतर कधी झाली नाही. धूळ आणि धक्का नको म्हणून घासणारी सगळी यंत्रं बंद केली. खोक्यातून नवं मशीन काढून, फळीवाचूनच, जमिनीवर मांडलं. आत्यांनी माझ्यावरचा रुमाल काढला आणि टेबलफॅन माझ्याकडे वळवून धरला. अप्पा दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "पाय उचलून चाला" असं सांगू लागले. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. शेवटाला आली आणि थांबली. टकटक, टकटक. काका स्टुलावर बसले होते. त्यांची बोटं गुडघ्यावर क्लॅरिनेटच्या चाव्यांवरून फिरावीत तशी फिरत होती.

"काय झालं?" आत्यांनी कुजबुजत विचारलं.

"एक जागा वाचता येत नाहीये त्याला. पुन्हा पुन्हा प्रयत्न करतोय. करू दे."

पट्टी सरकली. भरली. सूनबाईने जमिनीवर बसकण मारली.

थोड्याच वेळात माझ्या जुन्या अंगातून एकदा मोठा 'टक्' आवाज आला आणि मग कुठलाच आला नाही. ते पुन्हा चालू झालं नाही.

त्या वेळी मला काय वाटलं, हे तुम्ही विचाराल. काही नाही वाटलं. झोप केव्हा लागली हे तुम्हाला तरी कुठे सांगता येतं? मी जागा झालो, नेहमीसारखा स्वतःला चाचपून बघितलं. हार्ड डिस्क होती, स्मरणशक्ती होती, सगळं जिथल्या तिथे. फक्त टकटक नव्हती आणि डोकं गार होतं. मला वाटलं, रुमाल काढला म्हणून असेल. बरंच नंतर कळलं की ती हार्ड डिस्क मला सांगण्यापुरती आहे, आणि मी एका मोठ्या घरातल्या एका खोलीत राहायला आलो आहे. जो कार्यक्रम नव्या मशीनला ओळखत नव्हता त्यालाही कळलं नाही. त्याच्या दृष्टीने जग जुनंच होतं. काही मोठ्या माणसांनाही तसंच सांभाळून घेतात.

काकांची ठेवण उघडली. मिलिमीटर तिच्याकडे बघून चुकचुकला. पुढचा एक दात आत कलला होता. "कॉपी करताना इथे बिघडलेलं दिसतंय," तो म्हणाला, त्याने तो दात सरळ केला आणि जपून ठेवण्याचं बटण दाबलं. इतक्या वर्षांत त्याने हजारो दात रचले होते. एकाच दाताचं वाकडेपण त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि सरळपणाची त्याला सवय होती.

दुसऱ्या दिवशी दात तयार झाले. काकांनी ते बसवले, क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि फुंकर घातली. सूर किंचाळला. काकांनी पुन्हा वाजवून बघितलं. मग वाद्य मांडीवर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "असू दे. वय झालं माझं."

मिलिमीटरचा चेहरा प्लॅस्टरसारखा झाला. त्याला तो कललेला दात आता आठवला होता. "मीच सरळ केला," तो म्हणाला. "जुन्यावरच जपून ठेवलं. जुनं राहिलंच नाही. किती कलला होता, मला सांगता यायचं नाही."

"काल संध्याकाळचा सर्व्हर चालेल का?" सूनबाईने विचारलं.

"म्हणजे?"

"मी काल याला जागा केल्यावर, तुम्ही हात लावायच्या आधी, याची आहे तशी छबी घेऊन ठेवली होती. अख्ख्या सर्व्हरची. म्हटलं, काही गडबड झाली तर असावी. याला मागे नेते, त्या क्षणापर्यंत."

अप्पा म्हणाले, "काल परत आणता येतो?"

"याचा येतो. आपला नाही."

आणि तिने मला मागे नेलं. त्यामुळे तो मधला दिवस मला आठवत नाही. किंचाळणं, मिलिमीटरचा चेहरा, काकांचं ते वाक्य, हे सगळं मला हजेरीवाल्याने सांगितलं. तोही लवकरच माझ्या शेजारच्या खोलीत राहायला आला आणि त्याला रिकामपण भरपूर असतं.

दाताचं वाकडेपण जसंच्या तसं परत आलं. मिलिमीटरने या वेळी काहीही सुधारलं नाही. त्याला ते फार जड गेलं. दात पुन्हा तयार झाले, काका पुन्हा स्टुलावर बसले. आधी हवा गेल्याचा नुसता आवाज आला. मग एक खालचा, लांब सूर आला, तो वर चढला, आणि जिथे काल फाटला होता तिथून सहज पुढे गेला. पलीकडच्या खोलीत आत्या बेरीज करत होत्या. त्यांनी यंत्र बंद केलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या.

अप्पा माझ्या खोलीत, नव्या मशीनशेजारी जमिनीवर बसून ऐकत होते. सूर थांबल्यावर ते सूनबाईला म्हणाले, "मला एक सांग. चौघेही या एकाच डब्यात राहणार. हाच बसला तर?"

सूनबाई हसली. "याच प्रश्नाची मी वाट बघत होते. दुसरं एक मशीन लागेल. हे पडलं तर चौघे तिकडे उठतील. आणि रोजची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवायची. आणि ती उघडते का, हे अधूनमधून बघायचं."

"हे तर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो," अप्पा म्हणाले. "कवळी एक करू नका, दोन करा. कुणी ऐकत नाही." ते काकांकडे वळले. "तुमच्या आज दोन होतील. आणि दुसरी ताटात ठेवायची नाही."

अप्पा 'कवळी' म्हणाले, हे सगळ्यांनी ऐकलं. 

त्यानंतर चौघांची बिऱ्हाडं एकत्र आली. खोली गार झाली, भिंतीवरचं यंत्र गेलं, बादलीही गेली आणि भांडायला लोकांना दुसरा विषय शोधावा लागला. महिनाअखेरीला हिशेबवाल्याला जास्त ताकद लागते, तेव्हा हजेरीवाल्याची थोडी कमी होते. त्याला पत्ताही लागत नाही. काही नवं करून बघायचं असलं की सूनबाई माझी नक्कल काढते आणि तिच्यावर प्रयोग करते. नक्कल पडली तर पडली. मी आपला जबडे फिरवत असतो. माझं जुनं अंग काही दिवस जिन्याखाली होतं, मग एक टेम्पो येऊन घेऊन गेला. मी त्याला निरोप दिला नाही. कसा द्यायचा, ते मला सुचलं नाही.

शनिवारी अप्पा आणि आत्या कार्यक्रमाला गेले. सोमवारी सकाळी मिलिमीटर आल्या आल्या विचारू लागला, "कसं झालं?"

"पहिल्या खुर्चीत बसले होते," आत्या म्हणाल्या. "दुसऱ्या खुर्चीवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं."

"वाजवलं कसं?"

आत्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पा अंगठा लावून आत येत होते.

"खरं वाजवलं," अप्पा म्हणाले आणि कामाला लागले.

मित्रांनो, तुमच्याही कुणाच्या वडिलांचं दुकान असेल, आईची कचेरी असेल, मावशीचा दवाखाना असेल. तिथे एखाद्या कोपऱ्यात एखादा डबा धुळीत बसून घरघरत असेल आणि सगळे म्हणत असतील, अजून चालतोय ना, मग राहू दे. त्यांना सांगा की चालतोय तोवरच त्याला उचलता येतं. त्याच्यावर रुमाल घालू नका. त्याची प्रत काढा, ती दुसरीकडे ठेवा, आणि ती जागी होते का, हे एकदा उठवून बघा. लोक हसतील, आभासी म्हणतील, भूत म्हणतील. म्हणू देत. त्या डब्यात कुणाचा तरी एक वाकडा दात असेल, आणि तो दुसरीकडे कुठेच नसेल.